पाऊस परतला, ओल परतली का?

प्रश्न : मी माण तालुक्यात भूगोल शिकवते. सॅव्हानाचा पाठ संपल्यावर एका मुलाने विचारलं, "बाई, तिथं माणसं शेती करत्यात का?" पुस्तकात सिंह होता, जिराफ होता, उंच गवत होतं, शेतकरी नव्हता. मला नीट उत्तर देता आलं नाही. हवामान बदलतंय असं आपण रोज ऐकतो. त्या कोरड्या गवताळ मुलखातल्या शेतीचं गेल्या पन्नास-साठ वर्षांत काय झालं? पुढे काय होईल? मुलांना सांगता येईल असं समजावून द्याल का?

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्याला आधी हे सांगा, की त्याच्या डब्यातली बाजरीची भाकरी मुळात ज्या रानातून आली, त्याच रानाबद्दल त्याने विचारलं आहे. बाजरी मूळची आपली नव्हे. सहाराच्या दक्षिण काठावर, आजच्या माली देशाच्या परिसरात, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसं रानबाजरीची कणसं निवडून पेरू लागली होती. ज्वारी आफ्रिकेच्या पूर्वेकडची, आजच्या सुदानमधल्या गवताळ प्रदेशातली. चवळीही पश्चिम आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ही पिकं समुद्र ओलांडून इकडे आली आणि आपल्या माळावर अशी रुजली, की ती परक्या मुलखातली आहेत हे आपण विसरूनही गेलो. सॅव्हानात शेती होते का, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आपलं ताट.

सॅव्हाना फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच पट्टा घेतो : साहेल. सेनेगलपासून सुदानपर्यंत, आफ्रिकेच्या आडव्या छातीवर पसरलेला हा पट्टा पाच हजार किलोमीटरांहून लांब आहे. अरबीत 'साहिल' म्हणजे किनारा. हिंदी गाण्यांतून आपल्या कानावर पडलेला तोच हा शब्द. इथे तो वाळूच्या समुद्राचा किनारा आहे. उत्तरेकडे वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस, दक्षिणेकडे सुमारे ६००. माणदेशातला माणूस या आकड्यांनी दचकणार नाही.

तिथला पाऊसही मोसमीच. गिनीच्या आखातावरून नैऋत्येचे वारे येतात आणि जून ते सप्टेंबर एवढ्या काळात वर्षभराचं पाणी देऊन जातात. उरलेले आठ महिने कोरडे. शेतं बहुतेक रेताड, कसाने हलकी. त्यांत बाजरी किंवा ज्वारी, मधल्या ओळींत चवळी, आणि शेतातच राखलेली बाभळीच्या कुळातली झाडं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे ९५ टक्के जमीन निव्वळ पावसावर पिकते. तेव्हा तिथे हवामान बदलणं म्हणजे घरातली चूल बदलणं.

प्रश्न : तिथला पाऊस कमी झाला की वाढला? कधी दुष्काळाची बातमी येते, कधी पुराची.

उत्तर : दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. त्या एका रांगेत लावून पाहायला हव्यात.

१९५० ते १९६० हा काळ साहेलला चांगल्या पावसाचा गेला. त्या भरवशावर शेतं उत्तरेकडे सरकली, एरवी फक्त गुरं चरत तिथेही नांगर लागला. १९६८पासून पावसाने पाठ फिरवली. १९७२-७३ साली कडेलोट झाला. सुमारे एक लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे आणि गुरांची तर गणतीच नाही. थोडी उसंत मिळते न मिळते तोच १९८३-८४ साली पुन्हा तसाच दुष्काळ पडला. विसाव्या शतकात पावसाची एवढी मोठी आणि एवढी लांबलेली घट जगात इतरत्र क्वचितच नोंदली गेली.

त्या वेळी दोष कुणावर आला? तिथल्याच माणसांवर. १९७५ साली ज्यूल चार्नी या हवामानशास्त्रज्ञाने मांडणी केली, की अति चराईने जमीन उघडी पडते, उघडी जमीन सूर्यप्रकाश जास्त परतवते, त्याने हवेचं चक्र बिघडतं आणि पाऊस आणखी घटतो. विचार हुशारीचा होता, जमीन आणि पाऊस यांचं नातं त्याने दाखवलं. पण त्यातून लोकांच्या मनात पक्कं बसलं ते एवढंच : गुराख्याने शेळ्या वाढवल्या आणि वाळवंट ओढवून घेतलं.

पुढच्या संशोधनाने चित्र पालटलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात संगणकाच्या प्रारूपाला फक्त समुद्राच्या पृष्ठभागाची त्या त्या वर्षांची तापमानं दिली, तर साहेलच्या पावसातले चढउतार बऱ्याच अंशी आपोआप उमटले. दुष्काळाचं मुख्य सूत्र समुद्राच्या हाती होतं. हिंदी महासागर तापत होता, उत्तर अटलांटिक तुलनेने थंड राहिला होता, त्यामुळे पावसाचा पट्टा दक्षिणेकडे ओढला गेला. आणि उत्तर अटलांटिक थंड राहण्यात युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतून निघालेल्या गंधकयुक्त धुराचा वाटा होता, असं अनेक अभ्यास सांगतात. तो धूर ऊन अडवत होता. तिकडे हवा स्वच्छ ठेवण्याचे कायदे झाले, धूर कमी झाला, आणि साहेलच्या पावसाच्या परतण्याला त्याचाही हातभार लागला. ज्या गुराख्याने कारखाना डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याच्यावर आपण वर्षानुवर्षं दुष्काळाचा आळ घातला. मुलांना शिकवताना हा भाग गाळू नका.

१९९०च्या दशकापासून पाऊस बराचसा परत आला. पण तो पूर्वीच्या पावलांनी आला नाही. साहेलमध्ये बहुतेक पाऊस वादळांच्या रांगांतून पडतो. पूर्वेकडून ढगांची भिंत येते, आधी धूळ, मग पाणी. १९८२पासूनच्या उपग्रहांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की यांतल्या अतितीव्र वादळांची संख्या या काळात सुमारे तिप्पट झाली. वर्षाची बेरीज सुधारली, पण ती थोड्या आणि दांडग्या सरींनी भरून निघाली. नायजर देशाची राजधानी नियामे हिने २०१२ आणि २०२० साली नदीचे मोठे पूर पाहिले, तेही याच काळातले.

प्रश्न : पाऊस परत आला म्हणता, मग शेतकऱ्याची अडचण काय?

उत्तर : अख्ख्या विषयाची गाठ इथे आहे. शेतकरी पावसावर पिकवत नाही, ओलीवर पिकवतो. आकाशातून पडलेलं पाणी आणि मुळांना मिळालेलं पाणी यांत मोठं अंतर असतं. हवामानातला बदल नेमका त्या अंतरात काम करतो, आणि तो तीन वाटांनी.

पहिली वाट वेळेची. जूनमध्ये एक जोरदार सर येते. शेतकरी पेरतो. मग दोन-तीन आठवडे आभाळ कोरडं. मोड आलेलं बी करपतं. आपण याला दुबार पेरणी म्हणतो, म्हणून तुमच्या मुलांना अधिक सांगायला नको. फक्त एवढं ध्यानात आणून द्या, की तिथे दुसऱ्या पेरणीचं बी दुकानातून येत नाही, बहुधा घरच्या कणगीतून येतं. म्हणजे ते जेवणातूनच वजा होतं. आणि पावसाळा मुळात तीन-साडेतीन महिन्यांचा; त्यातले तीन आठवडे गेले तर पिकाचं पोट भरायला दिवस कुठून आणायचे?

दुसरी वाट जमिनीची. उघड्या रेताड जमिनीवर जोराच्या सरीचे थेंब आपटले, की बारीक माती सैल होऊन छिद्रं बुजवते आणि वाळल्यावर वर घट्ट पापुद्रा धरतो. बुर्किना फासोमध्ये मोसी लोक अशा उजाड, कडक झालेल्या जमिनीला 'झिपेले' म्हणतात. तिच्यावर पाणी पडतं आणि तसंच वाहून जातं. अभ्यासकांना इथे एक कोडं पडलं होतं. १९७०-८०च्या दशकांत पाऊस घटला, तरी साहेलमधल्या कित्येक ओढ्यांतून वाहणारं पाणी मात्र वाढलं. जमिनीने पाणी प्यायचं सोडलं होतं, हे त्याचं उत्तर. एकाच गावात पूर आणि दुष्काळ एकाच हंगामात नांदू शकतात ते यामुळे.

तिसरी वाट उन्हाची. पावसाबद्दल मतभेद होतील, तापमानाबद्दल नाहीत. ते चढतंच आहे. ३ एप्रिल २०२४ रोजी मालीतल्या 'काय' नावाच्या शहरात ४८.५ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. माणसाने केलेल्या हवामानबदलाशिवाय त्या दिवसांतली उष्णतेची लाट इतकी तीव्र झालीच नसती, असा तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष होता. तापलेली हवा मातीतून आणि पानांतून पाणी जास्त वेगाने ओढते. तेवढाच पाऊस पडूनही ओल लवकर उडते. रात्रीही उकाडा राहिला तर पीक दिवसा कमावलेलं रात्री श्वासात खर्च करून टाकतं. उष्णतेने पिकाचे दिवस भरभर सरतात, कणीस लवकर निसवतं आणि दाण्यात भरायला वेळ उरत नाही. बाजरी काटक खरी, पण फुलोऱ्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला तर तिचंही दाणे धरणं कमी होतं. आपल्याकडे गुजरात-राजस्थानच्या उन्हाळी बाजरीत हे मोजलेलं आहे.

याचा हिशेब करण्याचा प्रयत्नही झाला आहे. माणसाने हवामान बदललंच नसतं तर पश्चिम आफ्रिकेत किती पिकलं असतं, हे प्रारूपांतून काढून प्रत्यक्ष हवामानातल्या उत्पादनाशी ताडून पाहिलं. २००० ते २००९ या दशकात बाजरीचं एकरी उत्पादन त्यामुळे सुमारे १० ते २० टक्के आणि ज्वारीचं ५ ते १५ टक्के कमी पडल्याचं दिसलं. पाऊस परतलेलं हेच ते दशक. बाजरीच्या दर दहा पोत्यांतलं एक ते दोन पोती, आणि तीही शेतात न दिसता गेलेली. दुष्काळ डोळ्यांना दिसतो, ही झीज दिसत नाही. म्हणून तिची बातमी होत नाही.

पुढचं काय? हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालातला अंदाज असा, की साहेलचा मधला आणि पूर्वेकडचा भाग अधिक ओला होईल, सेनेगलकडचा पश्चिम टोकाचा भाग अधिक कोरडा; पावसाळा उशिरा लागेल आणि उशिरा जाईल. हवेतला कार्बन वायू वाढला तर पिकांना फायदा होतो, असं तुम्ही कुठे वाचलं असेल. गहू-भातासारख्या पिकांना तो काहीसा होतो. बाजरी-ज्वारीची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असल्याने, दुष्काळी ताणात थोडं पाणी वाचण्यापलीकडे, त्यांच्या वाट्याला फार काही येत नाही.

प्रश्न : पिकं स्वतः बदलत नाहीत का?

उत्तर : बदलतात, आणि ही गोष्ट फार सुंदर आहे.

साहेलच्या कित्येक गावरान वाणांना दिवसाची लांबी कळते. पेरणी जूनमध्ये झाली काय किंवा जुलैच्या मध्यात झाली काय, दिवस ठरावीक मापाने लहान झाले की ती फुलोऱ्यावर येतात. म्हणजे पेरणी कितीही मागेपुढे झाली तरी कणीस पावसाच्या शेवटीच भरतं. ना पावसात भिजून काळं पडत, ना ओल संपल्यावर कोरडं राहत. पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही, पण कधी जाईल याचा अंदाज असतो, हे शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्यांच्या निवडीतून बियाण्यातच लिहून ठेवलं.

आता बदलाचा पुरावा. नायजरमधल्या गावांतून १९७६ साली बाजरीचं बियाणं गोळा करून जपून ठेवलं होतं. २००३ साली त्याच गावांतून पुन्हा गोळा केलं. दोन्ही बियाणी एकाच रानात शेजारी शेजारी पेरली. नवी बाजरी जुन्या बाजरीपेक्षा लवकर फुलली. फुलण्याच्या वेळेशी जोडलेल्या एका जनुकाचं लवकर फुलवणारं रूपही नव्या बियाण्यात जास्त आढळलं. मधल्या सत्तावीस वर्षांतल्या दुष्काळांनी चाळणी लावली होती. लवकर हाती येणारी कणसंच कणगीपर्यंत पोचली, तीच पुन्हा पेरली गेली. कुठल्या खात्याने योजना आखली नव्हती; घरोघरी बी राखणाऱ्या माणसांनी आणि न आलेल्या पावसाने मिळून हे केलं.

पण यालाही मर्यादा आहे. लवकर येणारं पीक दुष्काळातून निसटतं, मात्र चांगल्या वर्षी कमी पिकतं, कारण त्याला वाढायला दिवसच कमी मिळतात. शिवाय कडबा आखूड येतो. गुरं सांभाळणाऱ्या घरात दाण्याइतकीच कडब्याची किंमत असते, हे माणदेशात कुणाला समजवायला नको.

या देवघेवीत आपणही आहोत. टोगो देशाच्या उत्तर भागातल्या 'इनियाडी' नावाच्या गावरान बाजरीपासून हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत 'आयसीटीपी ८२०३' हे वाण निवडलं गेलं. १९८८ साली ते महाराष्ट्रात लागवडीसाठी आलं. टपोऱ्या दाण्याचं, लवकर येणारं. पुढे त्यातूनच जास्त लोह असलेली 'धनशक्ती' बाजरी निघाली. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी एकदा आणि आपल्या आयुष्यात पुन्हा एकदा, पश्चिम आफ्रिकेच्या शेतकऱ्याने आपल्या हातावर बी ठेवलं आहे.

प्रश्न : शेतकऱ्यांनी स्वतः काय केलं? की नुसतं सोसलं?

उत्तर : सोसलं, आणि जमीन पुन्हा प्यायला शिकवलीही.

बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा प्रांत आहे. तिथल्या गुर्गा गावचे याकुबा सावादोगो यांनी १९८०च्या सुमारास, दुष्काळात लोक गाव सोडून चालले असताना, आपल्या वाडवडिलांची एक रीत हाती घेतली. तिचं नाव 'झाय'. मोसींच्या मोरे भाषेत त्या शब्दाचा भाव भल्या पहाटे उठून रान तयार करायला लागणं असा सांगतात. कडक जमिनीत खड्डे घ्यायचे, वीतभर किंवा थोडे अधिक रुंद, अर्ध्या वितीएवढे खोल, एका हेक्टरात दहा हजारांहून अधिक. सावादोगोंनी ते पूर्वीपेक्षा मोठे आणि खोल केले, ऐन उन्हाळ्यात खोदले आणि प्रत्येकात मूठ-दोन मुठी शेणखत टाकलं. खतावर वाळवी येते. आपण वाळवीला शत्रू मानतो. इथे ती बिळं पाडून पाण्याला वाट करून देते. पहिला पाऊस पडला की वाहून जाणारं पाणी खड्ड्यात थांबतं, वाळवीच्या वाटांनी खाली उतरतं. बी तिथेच टोकायचं. मग दोन आठवडे उघडीप पडली तरी मूळ ओलीत असतं. जिथे काहीच पिकत नव्हतं, तिथे कमी पावसाच्या वर्षीही हेक्टरी ३०० ते ४०० किलो धान्य निघू लागलं. चांगल्या वर्षी १,५०० किलोपर्यंत.

लोकांनी त्यांना वेडं ठरवलं, त्यांनी राखलेल्या झाडीला आग लागली, तरी ते खोदत राहिले. ते गावात वर्षातून दोनदा बाजार भरवत. दूरदूरचे शेतकरी बी आणि अनुभव घेऊन येत. खतातून आलेल्या बियांची झाडंही त्यांनी वाढू दिली आणि उजाड रानात ६०हून अधिक जातींच्या झाडांचं जंगल उभं राहिलं. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३मध्ये ते गेले.

त्याच प्रांतात दगडी ओळींचं काम झालं. उताराला आडव्या, एकाच पातळीवर दगडांच्या ठेंगण्या ओळी रचायच्या. पाणी अडत नाही, पण दमाने चालतं आणि वाटेत मुरतं. खरी अडचण पातळी काढण्याची. जवळजवळ सपाट दिसणाऱ्या रानात नजर फसते. १९७९ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात त्यावर साधा इलाज निघाला : पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली. आपले गवंडी भिंतीची पातळी अशीच काढतात. अक्षरओळख नसलेला शेतकरीही दोन दिवसांत ती वापरायला शिकला. पूर्वेला, नायजरमध्ये, अर्धचंद्राच्या आकाराचे, सुमारे चार मीटर व्यासाचे बांध घातले जातात. उघडी बाजू चढाकडे, म्हणजे वरून येणारं पाणी कुशीत साचतं. सलग समतल चरांवर श्रमदान केलेल्या तुमच्या गावकऱ्यांना हे चित्र लगेच उमगेल.

तिसरी गोष्ट झाडांची. नायजरच्या मराडी भागात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपं लावून लावून थकले होते, बहुतेक मरत. १९८३च्या सुमारास त्यांना उमगलं, की शेतात जी झुडपं म्हणून दरवर्षी छाटली जातात ती तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांचे फुटवे आहेत. मुळं जिवंत आहेत, जंगल जमिनीखाली आहे. चार-पाच सरळ फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे. ना रोप, ना पाणी, ना खर्च. आज दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी झाडं परतली आहेत. हा आकडा उपग्रहांच्या चित्रांवरून आणि प्रत्यक्ष रानात फिरून काढलेला आहे. झाडांची संख्या २० कोटींच्या घरात धरतात.

त्यातलं एक झाड मुलांना नक्की सांगा. हौसा भाषेत त्याला 'गाओ' म्हणतात. पावसाळ्यात सगळी झाडं हिरवी होतात तेव्हा हे पानं गाळतं, आणि उन्हाळ्यात सगळं करपलेलं असताना पालवतं. म्हणजे पीक उभं असताना त्याची सावली आड येत नाही, गळलेल्या पानांचं खत मिळतं, मुळांशी नत्र जमतं. आणि भर उन्हाळ्यात गुरांना सावली आणि शेंगा. शेतकऱ्याने मागून घ्यावं असं झाड.

मात्र ही झाडं एवढी वर्षं का राखली गेली नव्हती? वसाहतकाळापासूनच्या कायद्यात झाड सरकारचं होतं. आपल्या शेतातलं झाड तोडलं तर दंड, मग वाढवायचं कशाला? उगवलं की उपटलेलंच बरं. १९८०च्या दशकात अंमलबजावणी सैल झाली, झाड आपलं आहे असं शेतकऱ्याला वाटू लागलं आणि फुटवे वाढले. हवामानाच्या चर्चेत हक्काचा हा मुद्दा मागे पडतो. ओल जमिनीत राहते, पण ती राखण्याची इच्छा माणसात असावी लागते, आणि ती जमीन-झाड आपलं असल्याशिवाय येत नाही.

२००७ साली आफ्रिकी संघाने 'महान हरित भिंत' हाती घेतली : खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ हजार किलोमीटर, २०३०पर्यंत दहा कोटी हेक्टर जमीन सुधारायची. सुरुवातीला कल्पना झाडांच्या सरळ रांगेची होती. लावलेली रोपं बऱ्याच ठिकाणी जगली नाहीत. आता भिंतीचा अर्थ झाय, दगडी ओळी, राखलेले फुटवे असा गोधडीसारखा झाला आहे. उद्दिष्ट अजून फार दूर आहे.

आणि हे उपाय रामबाण नाहीत, हेही सांगायला हवं. हेक्टरभर झाय खोदायला एका माणसाचे महिना-दोन महिने जातात, तेही रणरणत्या उन्हात. तरुण शहराकडे गेले तर खोदणार कोण? खताला गुरं लागतात. फुलानी गुराखी कापणीनंतर दक्षिणेकडे येत, शेतात गुरं बसवत, खताच्या बदल्यात धान्य घेत; आपल्याकडे धनगरांची मेंढरं रानात बसवतात तसंच. शेतं वाढली, गुरांच्या वाटा नांगरल्या गेल्या, पावसाचं वेळापत्रक चुकल्याने कळप कापणीआधीच शेतांशी येऊ लागले, आणि जुना सलोखा जागोजागी वैरात बदलला. २०१२पासून माली आणि मग शेजारच्या देशांत पेटलेल्या हिंसेने तर कित्येक गावं रिकामी केली. पेरणीच्या दिवसांत शेतात जाण्याचीच भीती असेल, तर ओल असून काय उपयोग?

प्रश्न : आपल्या मुलांनी यातून काय घ्यावं?

उत्तर : पहिलं, नातं. ज्याला आपण माळरान म्हणतो तेही सॅव्हानाच आहे. जुन्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून संशोधकांनी अलीकडेच दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान साडेसातशे वर्षांपासून माळच आहेत. ते तोडलेलं जंगल नव्हे. तेव्हा पुस्तकातला सॅव्हाना दूर नाही, शाळेच्या कुंपणाबाहेर आहे.

दुसरं, १९७२. साहेलमध्ये माणसं मरत होती त्याच वर्षी महाराष्ट्रातही पाऊस नव्हता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दोन्हींची तुलना केली आहे. माणशी धान्याचं उत्पादन त्या वेळी महाराष्ट्रात साहेलमधल्या देशांहूनही कमी होतं. तरी इथे तसे भूकबळी गेले नाहीत, कारण दुष्काळी कामं निघाली, लाखो हातांना मजुरी मिळाली आणि त्या मजुरीतून धान्य विकत घेता आलं. मुलांना आपापल्या आजी-आजोबांना विचारायला लावा. खडी फोडल्याच्या, सुकडी खाल्ल्याच्या आठवणी अजून निघतील. पाऊस नसणं आणि उपास पडणं यांच्यामध्ये माणसांनी उभारलेली व्यवस्था असते. ती असली तर दुष्काळ सोसता येतो.

तिसरं, मोजणं. शाळेत पर्जन्यमापक असेल तर पावसाचे मिलिमीटर लिहिताच. त्या वहीत आणखी तीन रकाने आखा. पेरणीजोगा पहिला पाऊस कोणत्या तारखेला झाला. त्यानंतरची सर्वांत लांब उघडीप किती दिवसांची. आणि प्रत्येक मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेताच्या कोपऱ्यात खणून, ओल किती बोटं खाली गेली. एक नोंद उघड्या माळावर घ्या, एक झाडाखाली, एक बांधाच्या वरच्या अंगाला. दहा वर्षं वही चालू ठेवली तर तुमच्याकडे असं काही असेल जे उपग्रहाकडेही नाही.

त्या मुलाच्या हातात खुरपं द्या आणि पहिली नोंद त्यालाच करू द्या. सॅव्हानात माणसं शेती करतात का, हे मग त्याला कुणी सांगावं लागणार नाही.